जायफळ गल्लीतली काळी भिंत

स्वीहॉक मास्तरांनी भिंत पांढरी करायचं ठरवलं, तेव्हा त्या भिंतीने त्यांचं काहीही वाकडं केलेलं नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्या बिचारीबद्दल गल्लीत नाही नाही ते बोललं गेलं.

भिंत काळी होती, हे खरं. पण ती एका दिवसात काळी झाली नव्हती. पिनांगला, जॉर्जटाऊनच्या बंदरामागच्या जायफळ गल्लीत, मास्तरांच्या घराच्या दोन खिडक्यांमधल्या त्या भिंतीला लागून आ केंगची क्वे त्यावची, म्हणजे परतलेल्या शेवयांची, गाडी उभी राहायची. त्याच्या आधी त्याचा बाप, म्हातारा थाय, तिथेच उभा राहायचा. कोळशावर कढई, एका हातात पंखा, दुसऱ्या हातात उलथनं. तांदळाच्या रुंद शेवया, कोळंबी, तिसऱ्या, मोड, बदकाचं अंडं, आणि डुकराच्या चरबीचा तो खमंग वास, ज्याच्यापायी गल्लीतलं एकुलतं एक शाकाहारी कुटुंब घर बदलून गेलं. बापलेकांनी मिळून धुराची इतकी पुटं चढवली होती, की भिंतीवर पार खिडकीच्या वरपर्यंत एक काळा पिसारा फुलला होता. मास्तरांनी जन्मभर शाळेत भूमिती शिकवली, पण त्या आकृतीकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. आपली पाठ आपण कुठे पाहतो?

मात्र मुलीचं लग्न ठरायची वेळ आली की बापाला स्वतःची पाठही दिसायला लागते. मास्तरांच्या सिओ यिंगने इपोचा, म्हणजे खाण्यापिण्यात पिनांगशी सदा स्पर्धा करणाऱ्या शहरातला, मुलगा पसंत केला होता. मुलगा चांगला होता. इपोचा असण्याला त्याचा इलाज नव्हता. त्याचे आईवडील पुढच्या महिन्यात मूनकेकच्या सणाला रीतसर भेटायला यायचे होते, आणि होऊ घातलेल्या विहीणबाई फोनवर सहज म्हणाल्या, "आमच्या इपोचं पाणीच वेगळं. आमच्याकडे मोडसुद्धा कसे गुबगुबीत येतात!" यात भिंतीचा उल्लेख कुठेही नव्हता. पण मास्तर फोन ठेवून तडक बाहेर पाचफुटीवर आले. ही पाचफुटी म्हणजे घरांपुढची छपराखालची वाट. पायी चालणाऱ्यांसाठी बांधली असं म्हणतात. हल्ली तिच्यावर स्कूटरी, कुंड्या आणि पोह काकू असतात, चालणारे रस्त्याने चालतात. तर तिथे उभं राहून मास्तरांनी इपोच्या डोळ्यांनी आपल्या घराकडे पाहिलं, आणि त्यांना भिंत दिसली.

"गेओक किम, ही भिंत रंगवून घ्यायला हवी," ते बायकोला म्हणाले.

"आत्ता? अहो, पितरांचा महिना लागलाय. या महिन्यात कोणी खिळासुद्धा ठोकत नाही, आणि तुम्ही रंगारी बोलावणार?"

"मी विज्ञानाचा माणूस आहे."

"भूमितीचे आहात," असं म्हणून त्या आत गेल्या.

बातमी चहा निवायच्या आत गल्लीभर झाली. शेजारच्या पोह काकू, ज्यांचं उदबत्त्या आणि पितरांना जाळायच्या कागदी सामानाचं दुकान आहे, त्या लगेच सल्ला घेऊन आल्या. "स्वीहॉक, या महिन्यात ते सगळे मोकळे फिरत असतात रे. ओला रंग दिसला की हात लावून बघणारच. जिवंत माणसांना राहवत नाही, मग त्यांना कसं राहवेल?" समोरचे ऊई साहेब बँकेतून निवृत्त झालेले. दुसऱ्याच्या खर्चाने होणाऱ्या कोणत्याही कामाला त्यांचा मनापासून पाठिंबा असतो. ते म्हणाले, "अवश्य रंगवा. तुम्ही आत असता. ती भिंत रोज मला बघावी लागते."

जुन्या घराला रंग लावायचा म्हणजे नगरपालिकेची परवानगी हवी. आणि परवानगी देणाऱ्या टेबलापलीकडे बसल्या होत्या मिस लेचुमी.

"सर! ओळखलंत का? नववी ब."

मास्तरांनी लगेच ओळखलं. वहीला समास आखला नाही म्हणून या मुलीची अख्खी वही त्यांनी पुन्हा लिहून घेतली होती. लेचुमीने अर्ज हातात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि अत्यंत आदराने परत दिला.

"सर, अर्जाला समास नाही."

मास्तर घरी आले, पट्टी घेऊन समास आखला आणि पुन्हा गेले. मग परवानगी मिळाली, अटींसकट. रंग डब्यातला चालणार नाही, चुनाच हवा. पांढराच हवा. आणि चुना मुरेपर्यंत पंधरा दिवस भिंतीजवळ आग नको.

आग म्हणजे आ केंग.

आता इथे थोडं थांबून मास्तरांचं आणि केंगचं नातं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं रडगाणं वाटेल. केंग जागेचं भाडं देत नसे आणि मास्तर मागत नसत. रोज सकाळची पहिली बशी मात्र मास्तरांची. मिरची कमी, तिसऱ्या जास्त, अंडं अर्धकच्चं. केंगने कधी विचारलं नाही, मास्तरांनी कधी सांगितलं नाही. त्या दोघांत यापेक्षा जास्त बोलणं होत नसे, आणि दोघेही एकमेकांना आपला सर्वांत जवळचा मित्र समजत.

मास्तरांनी विषय काढला तो हवेपासून.

"केंग, यंदा उकाडा फार."

"हो, मास्तर."

"भिंतीला श्वास घेता येत नाही."

"हो?"

"मुलीकडचे... म्हणजे मुलाकडचे यायचेत. भिंतीला चुना देतोय. पंधरा दिवस तू समोर ऊईच्या दारात लावलीस गाडी तर?"

केंगने उलथनं पुसलं. भिंतीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "बरं."

आमच्याकडे ज्याचं काही बिनसलेलं नसतं तो माणूस अशा वेळी वाद घालतो, हुज्जत घालतो, बदल्यात काहीतरी मागतो. जो नुसतं 'बरं' म्हणतो त्याच्या काळजाला लागलेलं असतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. मास्तरांना कळलं नाही. उलट काम सोपं झालं म्हणून ते शीळ घालत घरात गेले.

केंगने गाडी समोर नेली. नवी जागा, त्यात पितरांचा महिना, म्हणून पहिल्याच दिवशी त्याने तिथल्या भटक्या जिवांसाठी तीन उदबत्त्या लावल्या आणि एक बशी ठेवली. झालं. पोह काकूंनी निकाल दिला की आता तिथल्या मंडळींना जेवायची सवय लागली. महिना संपायच्या आत गाडी हलवली तर ती सगळी उपाशीपोटी मागोमाग येतील. मास्तरांचे पंधरा दिवस असे बघता बघता महिनाभर लांबले.

पण भिंत मात्र झाली! मुनियांडी रंगाऱ्याने तिला खरवडली, धुतली, चुन्याचे दोन हात मारले. सकाळच्या उन्हात ती अशी झळकली की ऊई साहेबांनी काळा चष्मा लावला. मास्तर तिच्यासमोर खुर्ची टाकून दिवसभर बसले. येणारे-जाणारे थबकायचे, इकडेतिकडे बघायचे, आणि विचारायचे, "क्वे त्याववाला मेला का हो?"

रंगकामाची धांदल सरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर सवयीने बशीची वाट पाहत बसले. बशी आली नाही. अर्थात कशी येणार? पहिली बशी जागेच्या मालकाची. समोर ऊई साहेब बनियनवर बसून ती खात होते, आणि खाताना मान डोलवत होते. मास्तर रस्ता ओलांडून गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा रांगेत उभे राहिले. पुढे कुठल्याशा कॉलेजच्या मुली, मागे एक टॅक्सीवाला. नंबर आला. केंगने कढईतून मान वर न करता विचारलं,

"तिखट किती?"

मास्तरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"तिखट, मास्तर. किती घालू?"

"मध्यम," मास्तर कसेबसे म्हणाले. ती बशी त्यांनी घरी आणून अर्धी टाकली. चवीत काही खोट नव्हती. तिखट मध्यम होतं, एवढंच.

मग भिंतीने डोकं वर काढलं.

आधी एक पिवळट छटा आली. मग ती तपकिरी झाली. वर्षानुवर्षांची चरबी आणि काजळी अशी दोन हात चुन्याला भीक घालणार होती थोडीच! मुनियांडीने तिसरा हात मारला. दुपारी पांढरी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपकिरी. "चुना चांगला आहे, भिंतच खोडकर आहे," असं त्याने निदान केलं. मग उपाय सुरू झाले. ऊई साहेब म्हणाले व्हिनेगर लावा, व्हिनेगर लावलं. आता भिंत तपकिरी होतीच, शिवाय लोणच्यासारखा वास मारू लागली. कोणी म्हणालं तांदळाचं धुवण, त्याने मुंग्या आल्या. चौथा हात वाळला त्या संध्याकाळी मुनियांडी दोन पावलं मागे सरकला, डोकं तिरकं करून बघत राहिला, आणि बादली तिथेच टाकून जो गेला तो मजुरी मागायलाही आला नाही.

पोह काकू बाहेर आल्या. त्यांनीही डोकं तिरकं केलं.

"अगं बाई! हा तर म्हातारा थाय! हा पंखा, ही कढई, हे पाठीचं पोक. स्वीहॉक, तू त्याला जागेवरून उठवलंस, तो परत आलाय!"

हे एकदा म्हटल्यावर ज्याला त्याला थाय दिसायला लागला. मास्तरांनाही दिसला, पण ते विज्ञानाचे असल्यामुळे त्यांनी कबूल केलं नाही. सकाळी भिंतीखाली उदबत्त्या होत्या. त्या कोणाच्या दुकानातून आल्या हे सांगायला नको. दुपारी संत्री आली. थायला काळी बिअर आवडायची, म्हणून कोणीतरी बाटली आणून ठेवली, उघडून. मग लोक लॉटरीचा आकडा विचारायला येऊ लागले. थायने कुणाला तरी स्वप्नात येऊन चार आकडे दिले, आणि त्यातला शेवटचा एक चुकला. पार चुकले असते तर लोक घरी गेले असते. एका आकड्याने हुकला म्हणजे म्हातारा प्रयत्न करतोय, असं सगळ्यांचं मत पडलं आणि गर्दी दुप्पट झाली. उदबत्त्यांच्या धुराने भिंत वरून काळी, आतून तपकिरी अशी दुहेरी रंगू लागली.

मिस लेचुमी पाहणीला आल्या.

"सर, परवानगी भिंतीला होती. देवळाला नव्हती."

"हे देऊळ नाही. हा डाग आहे."

"डागाला संत्री का वाहिलीत मग?"

मास्तर संत्र्यांकडे बघू लागले. नववी 'ब'ची ती मुलगी कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट पाहत होती. अगदी जशी ते पूर्वी पाहायचे. शेवटी तिलाच दया आली. "देऊळ असेल तर वेगळा अर्ज करा, सर. समास दोन्ही बाजूंना. नसेल तर महिना संपला की हे सगळं उचला."

त्या रात्री मास्तर जेवले नाहीत. गेओक किमनी ताट बाजूला सारलं आणि समोर बसल्या.

"भिंतीची काळजी तुम्हाला आहे, मला नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी पंख्याचा फट्फट् आवाज यायचा, त्याने मला जाग यायची. हल्ली येत नाही. ऊई साहेबांनी त्याला नळ जोडून दिलाय. संगमरवरी टेबलं आणतायत. कायमचा राहा म्हणालेत. अहो, तो गेला तर सकाळी उठून तुम्ही कोणाशी बोलणार नाही?"

हे शेवटचं वाक्य नीट वाचावं. त्या बरोबरच म्हणाल्या होत्या. केंगशी न बोलणं ही मास्तरांच्या आयुष्यातली फार मोठी सोबत होती, आणि ती आता रस्त्यापलीकडे चालली होती.

मास्तरांनी भाषण तयार केलं. पक्ष: भिंत माझी, गाडी तुझी. साध्य: तू परत यावंस. सिद्धता काही केल्या जमेना. तशीच अर्धवट घेऊन ते समोर गेले, रांगेत उभे राहिले, नंबर आला.

"तिखट किती?"

"तुला माहीत आहे रे!" मास्तर ओरडले. सगळी रांग वळून बघू लागली. "तीस वर्षं माहीत आहे तुला! काय छळ मांडलायस माझा? आग नको हे मी नाही म्हटलं, त्या लेचुमीने म्हटलं. तुला राग आला असेल तर शिव्या दे, चार लोकांत दे. पण मला तिखट विचारू नकोस!"

केंगने पंखा खाली ठेवला. "मास्तर, गाडी हलवायला सांगितलीत, मी हलवली. त्याचा राग नाही. पण ती काळी भिंत बापाची होती. लहानपणी मी तिला टेकून झोपायचो, गरम असायची. बाप गेला तेव्हा फोटोसुद्धा धड नव्हता त्याचा. होती ती भिंतच. खरवडायच्या आधी एकदा हाक मारली असतीत, तर हात लावून घेतला असता. बस्, एवढंच."

"मला वाटलं तो धूर आहे," मास्तर हळूच म्हणाले.

"धूरच होता," केंग म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

महिना संपला. पितर वाजतगाजत परत गेले, त्यांच्यामागोमाग लॉटरीवाले गेले, संत्री पोह काकूंनी नेली. केंग मात्र समोरच राहिला. मास्तर पुन्हा गेले नाहीत. चूक इतकी मोठी होती की माफी मागायला तोंड पुरेना. त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीला चुन्याचे आणखी दोन हात दिले आणि म्हातारा थाय एकदाचा झाकला गेला. त्या संध्याकाळी मास्तर खुर्ची टाकून बसले नाहीत.

मूनकेकच्या सणाला सकाळपासून ते नवा शर्ट घालून दिवाणखान्यात येरझारा घालत होते. मुलगा आणि सिओ यिंग त्याच्या आईवडिलांना गल्लीच्या तोंडाशी उतरवून मोटार लावायला जागा शोधत फिरत होते. पिनांगला यात लग्न होऊन मूलही व्हायचं. मास्तरांनी खिडकीतून पाहिलं. समोर ऊईच्या दारात एक रुबाबदार जोडपं उभं होतं, हातात मूनकेकची मोठी लाल पेटी. ऊई साहेब वाकून वाकून त्यांना आत बोलावत होते.

"ऊईकडे बघ कोण पाहुणे आलेत!" मास्तर चरफडले. "नाहीतर आपले. वेळेचं भान नाही. इपोचे ना!"

ऊई साहेबांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की ते खोटं बोलले नाहीत. त्यांना कोणी विचारलंच नाही. दारात आलेल्या बाईंनी हसून पेटी पुढे केली, ती त्यांनी घेतली. संगमरवरी टेबलाशी बसवलं, चहा दिला. एक मूनकेक कापून स्वतः खाल्ला. बाई म्हणाल्या, "मुलगी फार गुणी आहे हो तुमची. भूमितीच्या मास्तरांची मुलगी, शिस्त असणारच!" तेव्हा ऊई साहेबांचा घास जरा अडकला. आणि शेजारी केंगचं उलथनं थांबलं.

"बाई, घर चुकलंत," केंग म्हणाला. "मास्तर समोर राहतात."

"असं कसं? मुलाने सांगितलंय, काळी भिंत आणि क्वे त्यावची गाडी. ही काय भिंत!"

आणि खरंच, ऊई साहेबांच्या भिंतीवर एव्हाना चांगला हातभर काळा पिसारा चढला होता. केंगने ती भिंत पाहिली. रस्त्यापलीकडची पांढरीफटक भिंत पाहिली. तिच्या शेजारच्या खिडकीच्या गजांना धरून, नवा शर्ट घातलेला, तोंड पडलेला म्हातारा पाहिला.

"खरं आहे," तो म्हणाला. "तुमची चूक नाही. चला, मी सोडतो."

त्याने चाकांखालच्या विटा लाथेने उडवल्या आणि पेटत्या कोळशासकट गाडी रस्त्यात घातली. भोंगे वाजले, दोन स्कूटरी आडव्या झाल्या. कढईतल्या कोळंब्या चुरचुरत होत्या. मागे इपोचं जोडपं, त्यामागे बशा हातात धरलेली सगळी रांग, आणि शेवटी एक मूनकेक कमी असलेली पेटी घेऊन खालमानेने ऊई साहेब. पोह काकूंनी वरात समजून फटाके लावले. आजवर एवढ्या थाटात जायफळ गल्लीतून कोणाचे व्याही आले नव्हते.

केंगने गाडी जुन्या जागी लावली. मग भिंतीपाशी गेला आणि पांढऱ्या चुन्यावर तळवा टेकवून जरा वेळ उभा राहिला. हाताला चुना लागला, तो त्याने विजारीला पुसला.

"लोक म्हणत होते बाप दिसला," तो मास्तरांकडे न बघता म्हणाला. "उजव्या हाताने पंखा घालत होता म्हणे."

"हो," मास्तर म्हणाले.

"बाप डावखुरा होता, पंखासुद्धा डाव्या हातानेच घालायचा," असं म्हणून केंगने गाडी वीतभर डावीकडे सरकवली आणि पंखा उचलला. फट्, फट्, फट्. जाळ उसळला. आत गेओक किमनी हातातलं काम टाकलं आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. पांढऱ्या भिंतीवर पहिली काळी जीभ उमटली. मिस लेचुमी आता काय म्हणतील हा विचार मास्तरांच्या मनात आला आणि आला तसा गेला.

विहीणबाईंनी पहिला घास घेतला. दुसरा घेतला. इपोच्या पाण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या घासाला मात्र त्यांची नजर वर गेली.

"घर किती सुंदर आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या. "ही एवढी भिंत खराब होतेय. रंगवून का नाही घेत?"

केंगचं उलथनं हवेत राहिलं. ऊई साहेब आकाशाकडे बघू लागले. गेओक किमनी डोळे मिटून घेतले.

"रंगवायलाच घेतलीय," मास्तर शांतपणे म्हणाले, आणि त्यांनी केंगकडे बोट दाखवलं. "हे काय आमचे रंगारी. काम सावकाश असतं त्यांचं. पण एकदा केलं की उतरत नाही."

 केंगने कढईत मिरची टाकली, थोडीशीच. तिसऱ्या टाकल्या, मूठभर जास्त. वर बदकाचं अंडं फोडलं, अर्धकच्चं असतानाच उतरवलं, आणि बशी मास्तरांच्या हातात दिली. त्याने काही विचारलं नाही.